वाघ दिसल्यास आधी कळवावे

एका जंगलात एका टिटवीला झोप येत नव्हती.

मुलांनो, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलायला, असं मोठी माणसं सांगतात. मोठी माणसं पुष्कळ काही सांगतात. ही टिटवी पाय वर करायची, कारण दिवसभर तळ्याकाठी उभं राहून ते दुखायचे. आभाळाची काळजी करायला तिला सवडच नव्हती. तिला उद्याची काळजी होती.

उद्या तिची मुलगी टिंगी तिच्याबरोबर ऑफिसला येणार होती.

झालं असं, की शेजारच्या जंगलात वर्षातून एकदा पिल्लांना आईबापांच्या कामावर नेतात, हे सिंहमहाराजांच्या कानावर गेलं. शेजारच्या जंगलात होतं ते आपल्याकडे व्हायलाच हवं. ते कशासाठी, हे नंतर बघता येतं. दवंडी पिटली गेली. प्रत्येकाने आपापलं पिल्लू आणावं, प्रत्येक पिल्लाला करवंदांचा एक द्रोण मिळेल, पिल्लांनी आईबापांचं काम बघून प्रेरणा घ्यावी. प्रेरणा सक्तीची होती.

टिटवी इशारा खात्यात होती. काम साधं. तळ्यावर नजर ठेवायची आणि वाघ दिसला की ओरडायचं. टिंगीला हे पाठ होतं. माझी आई ओरडते म्हणून तुम्ही सगळे जिवंत आहात, असं ती मैत्रिणींना ऐकवायची. विशेषतः तिच्यावर राज्य आलं, की.

अडचण एवढीच होती, की टिटवी ओरडत नव्हती.

म्हणजे पूर्वी ओरडायची. पण एकदा सागाचं वाळकं पान हललं आणि तिला तो वाघ वाटला. ती ओरडली. सगळे पळाले. पळताना खात्याचे प्रमुख सांबरसाहेब यांचं शिंग करवंदीच्या जाळीत अडकलं, आणि ते सोडवायला माकडांना बोलवावं लागलं. माकडांनी सोडवलं, पण हसत हसत. तेव्हापासून नियम झाला. टिटवीने वाघ पाहिल्यास ओरडू नये, मोराला कळवावे. मोराने खात्री करून वानराला कळवावे. वानराने झाडावरून पाहून सांबरसाहेबांना कळवावे. साहेबांनी विचार करून परवानगी द्यावी. मग टिटवीने ओरडावे.

परवानगी येईपर्यंत वाघ जेवून गेलेला असायचा. मग साहेब हळहळ व्यक्त करायचे. हळहळीला मात्र कोणाची परवानगी लागत नसे.

टिंगी कधी घरी म्हणायची, आई, एकदा ओरडून दाखव ना. टिटवी म्हणायची, ऑफिसचं काम घरी आणायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिला आता स्वतःचीच खात्री नव्हती. आपल्याला अजून ओरडता येतं का? आपण पाहतो तो वाघ असतो का? इतके सगळे हुशार लोक थांबा म्हणतात, तर थांबण्यात काहीतरी अर्थ असेलच की.

उजाडलं. टिंगीला न्हाऊमाखू घालून टिटवी निघाली. वाटेत तिने सूचना दिल्या. सगळ्यांना नमस्कार कर. मध्ये बोलू नको. कंटाळा आला तरी तसं तोंड करू नको.

ऑफिसात मोठी गर्दी होती. मोराने पिल्लांच्या स्वागतासाठी पिसारा फुलवला होता. एरवीही तो फुलवायचा, पण आज त्याला कारण होतं. वानर झाडावर बसून आपल्या मुलाला झाडावर कसं बसावं हे दाखवत होता. सांबरसाहेबांनी आपलं पाडस आणलं होतं. मग त्यांनी भाषण सुरू केलं. आपलं खातं किती जागरूक आहे, यावर ते बोलत होते. पाडसाने हे भाषण घरी ऐकलं होतं. ते हळूच उठलं आणि पाणी प्यायला तळ्यावर गेलं.

तेव्हाच पलीकडचं गवत हललं.

टिटवीने पाहिलं. पान नव्हतं. पानाला डोळे नसतात.

ती धावत मोराकडे गेली आणि सांगितलं. मोर म्हणाला, टिटवीबाई, कार्यक्रम चालू आहे, आणि तुमचा तो पानाचा प्रकार आम्ही विसरलेलो नाही. पण नियम म्हणून त्याने पिसाऱ्याआडून एकदा पाहिलं, दचकला, आणि वानराला कळवलं. वानराने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तो म्हणाला, मला फक्त पुढचा अर्धा दिसतोय. अर्ध्या वाघाचं काय करायचं, हे नियमात नाही. मोर म्हणाला, पुढचा अर्धा आलाय तर मागचाही येईल. ते वानराला पटलं. त्याने खाली उतरून साहेबांच्या कानात सांगितलं.

साहेबांनी भाषण थांबवलं. पाण्याशी कोण आहे, असं विचारलं.

"साहेब, आपलंच पाडस आहे," टिटवी म्हणाली.

सांबरसाहेबांचा चेहरा उतरला. एक क्षण ते नुसते बाप दिसले. मग त्यांना आपण साहेब असल्याचं आठवलं.

"मग तर घाई नकोच," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, घरच्यांसाठी लगेच ओरडले."

गवत आणखी जवळ हललं. पाडस पाणी पीतच होतं.

टिंगी आईच्या पायाशी उभी होती. तिने तळ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, तो वाघ आहे ना?"

"हो बाळा. वाटतोय तरी तसा."

"मग तू ओरडत का नाहीस?"

टिटवीच्या मनात आलं, की हिला प्रक्रिया समजावून सांगावी. मोर, वानर, साहेब, सगळं ओळीने. तिने त्यासाठी चोच उघडली. टिंगी तोंडाकडे बघत होती. आता आई ओरडणार, याची तिला इतकी खात्री होती, की प्रक्रिया काही बाहेर आलीच नाही.

बाहेर आला आवाज. आधी घोगरा, गंजलेला. टिटवी स्वतःच दचकली. मग मोकळा. सगळं तळं त्याने भरून गेलं.

पाडसाने मान वर केली आणि एका उडीत काठ सोडला. वाघ झेपावला तो चिखलात. तो सावरून बसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आपण पाणीच प्यायला आलो होतो अशा चेहऱ्याने दोन घोट पिऊन निघून गेला.

पाडस बापाच्या पोटाखाली घुसलं. सांबरसाहेबांनी त्याला बराच वेळ चाटलं. मग डोळे पुसून त्यांनी मीटिंग बोलावली.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, पाडस वाचलं ही आनंदाची गोष्ट आहे, पण नियमाचा जीव गेला, त्याचं काय? मोर म्हणाला, असंच चालू राहिलं, तर उद्या ज्याला वाघ दिसेल तो ओरडेल. वानराने मान डोलावली. टिटवीला कडक समज देण्यात आली. पुन्हा असं झालं तर तिची बदली बेडूक मोजणी विभागात होईल, असं ठरलं.

संध्याकाळी सिंहमहाराजांनी वेळेवर इशारा दिल्याबद्दल खात्याचं कौतुक केलं आणि सांबरसाहेबांच्या गळ्यात पिंपळाच्या पानांची माळ घातली. माळ शिंगात अडकली. ती सोडवायला माकडं आली.

पुढच्या वर्षीपासून पिल्लांना ऑफिसात बंदी झाली. कारण विचारू नये, असंही जाहीर झालं.

टिटवी टिंगीला घेऊन घरी निघाली. वाटभर तिला धाकधूक होती. मुलीने आईला सगळ्यांसमोर बोलणी खाताना पाहिलं होतं. आता तिला काय शिकवायचं? शेवटी तिनेच एक तात्पर्य जुळवलं आणि मुलीला नीट, समजावून सांगितलं.

तात्पर्य : मुलांना कधीही कामावर नेऊ नये. त्यांच्या देखत काम करावं लागतं.

टिंगीने ते मन लावून ऐकलं. द्रोणातलं शेवटचं करवंद खाल्लं. मग म्हणाली, "बरं. मग उद्या किती वाजता निघायचं?"