घड्याळजींचं फिनेल

"या घरात आता एक जंतू जिवंत सापडला, तरी नाव बदलून ठेवीन," असं घड्याळजींनी छातीठोकपणे जाहीर केलं आणि फिनेलची आख्खी बाटली मोरीत उपडी केली. बायकोने नाकाला रुमाल लावला. जंतूंचं माहीत नाही, पण मी काही फार दिवस काढत नाही, असं ती रुमालातून म्हणाली.

घड्याळजींचंही काही चुकत नव्हतं. नात दिवस भरायच्या आतच जन्मली होती. इतकी इवलीशी, की इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवून तिला वाढवत होते. जावई बोटीवर, भर समुद्रात. आता लेक बाळाला घेऊन माहेरी येणार होती आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, जपा, तिला संसर्ग झेपायचा नाही. ते वाक्य घड्याळजींच्या काळजात जाऊन रुतलं. जन्मभर डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती आणि त्यातून एकच शहाणपण गाठीला बांधलं होतं. बंद पडलेलं घड्याळ उघडा, आत कचरा असतोच. तो काढा, की चालू! नातीच्या नाजूक यंत्रात कचऱ्याचा कण जाऊ द्यायचा नाही, असा त्यांनी चंग बांधला.

मग काय विचारता! दाराच्या कड्या, विजेची बटणं, बायकोचा चष्मा, सगळ्यांना रोज आंघोळ. संडासात सकाळ-संध्याकाळ फिनेल, वर ब्लीचिंग पावडर. शेजारी कपडे शिवणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी हौसेनं बाळासाठी मऊ झबली शिवून आणली, तर घड्याळजींनी ती चिमट्यानं धरून आत नेली आणि इतकी उकळली, की ती बाहुलीलाही होईनात. वर बाईंना सांगितलं, राग मानू नका, पण तुमच्याकडे कुत्रा आहे, तेव्हा महिनाभर आमच्या पायरीवरही येऊ नका. बाई आल्या पावली परत गेल्या. बायकोला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि तो दिवस उजाडला. लेक बाळाला छातीशी धरून दारात आली. घड्याळजी तिच्या हातावर सॅनिटायझर ओतणार, इतक्यात मोरीतून आवाज आला. गुड. गुडगुड. घरानंच ढेकर द्यावी तसा!

मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. पाठोपाठ संडासातून. घड्याळजी डगमगले नाहीत. शत्रू समोर आलाय म्हटल्यावर त्यांनी दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. पाणी हटेना, उलट त्याला फेस आला आणि तो फेस मोरीचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघराकडे निघाला. वास असा, की लेक बाळाला घेऊन आली तशी बाहेर पळाली.

रस्त्यावर ऊन होतं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि कपडे शिवणाऱ्या बाईंनी मायलेकींना आत घेतलं.

"अगं, तिथे कुत्रा आहे!" घड्याळजी ओरडले.

"बाबा, तिथे संडास चालू आहे," लेक म्हणाली आणि आत गेली.

मैला उपसणारी गाडी आली. गाडीवाल्यानं परसातल्या सेप्टिक टँकचं झाकण उघडलं, खाली पाहिलं, हुंगलं आणि पुन्हा हुंगलं. इतकी स्वच्छ घाण मी पहिल्यांदाच बघतोय, असं तो म्हणाला. घड्याळजींनीही नाक दाबून डोकावलं. भिंगाला सरावलेल्या डोळ्यांची बारीक बघायची सवय इथेही सुटली नाही. आत सगळं जसं गेलं होतं तसं पडलं होतं, काही कुजलं नव्हतं, काही विरघळलं नव्हतं. घर बांधल्यापासून ही टाकी एकदाही तुंबली नव्हती. म्हणजे इतकी वर्षं खाली अंधारात कुणीतरी बिनबोभाट काम करत होतं, आणि त्यांनी त्या सगळ्या जंतूंना फिनेलनं ठार मारलं होतं. घड्याळजींना आयुष्यात पहिल्यांदा, साफ केल्यामुळे बंद पडलेलं घड्याळ दिसलं.

गाडीवाल्यानं टाकी रिकामी केली आणि जाता जाता बजावलं, की ती लवकर चालू व्हायला हवी असेल, तर एखाद्या चालू टाकीतलं थोडं आणून त्यात ओता.

शेजारी बाईंच्या घरात लेक थकून भिंतीला टेकली होती. बाळाचं पोट बिघडलंय, तिनं सांगितलं. इस्पितळात तिला जंतूंवरचं औषध द्यावं लागलं, त्यानं जीव वाचला, पण पोटातले चांगले जंतूही गेले. "ते आता परत यायला हवेत, बाबा. दुधातून येतात, आपल्या अंगावरून येतात. रोज कुणाच्या तरी उघड्या छातीवर तिला ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आईला खोकला आहे. मला जरा पाठ टेकू द्या. तुम्ही घेता?"

घड्याळजींनी बाळाकडे पाहिलं. नातीच्या पोटाचीही टाकीच झाली होती तर! बाळाला निदान औषधाची गरज होती, टाकीत मात्र नुसती त्यांची भीती ओतली गेली होती.

"अंगाला थोडं सॅनिटायझर लावू?" त्यांनी चाचरत विचारलं.

"साबणानं आंघोळ करा. बाकी काही नको."

त्यांनी बाईंच्या न्हाणीघरात साध्या साबणानं आंघोळ केली. खुर्चीत टेकून बसले. लेकीनं बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं, वर चादर पांघरली. बारीक लेडीज घड्याळासारखं टिकटिकणारं काहीतरी त्यांच्या बरगड्यांना लागलं. त्यांचे डोळे भरून आले. या पोरीला कुणी हात लावू नये म्हणून ते जिवाचं रान करत होते, आणि तिला त्यांचा स्पर्शच हवा होता.

कुत्रा आला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून बसला. बाई शिवणाच्या मशीनवरून घाईनं उठल्या. कुत्र्याला बाहेर नेते, म्हणाल्या.

"नको, बसू दे त्याला," घड्याळजी म्हणाले. मग चादरीची कड चाचपू लागले. "बाई, एक मागायचं होतं. तुमची टाकी चालू आहे ना? तर त्यातलं... म्हणजे, शेजारी विरजण मागतात ना, तसं... बादलीभर..."

बाई ती उकळून आटलेली झबली विसरल्या नव्हत्या. त्यांनी सुईत शांतपणे दोरा ओवला.

"न्या की, काका. बादली तेवढी तुमची आणा," त्या म्हणाल्या. "आणि कृपा करून, ती फिनेलनं धुऊन आणू नका."