मेंढरं बसतानाचा शब्द

शमशादबाईंची कथा लिहून झाली होती. फक्त शेवटच्या वाक्यात एका शब्दाची जागा रिकामी होती. 'दिवस मावळला, मेंढरं बसली आणि माळभर एक' इथपर्यंत वाक्य नीट चालत आलं होतं आणि तिथं येऊन चार दिवस उभं होतं. 'शांतता' लिहून त्यांनी खोडली. शांतता छडी आपटूनही मिळते. 'निःश्वास' खोडला, तो एसटीतून उतरणाऱ्या प्रवाशाचा. 'सळसळ' झाडांची, 'कुजबुज' लग्नघरातली, आणि 'हुंकार' लिहिल्यावर तर मेंढरं एकदम सरदार घराण्यातली वाटायला लागली.

कानात मात्र ते सारं स्पष्ट होतं. वडील मोरगावच्या बाजारात बांगड्या विकत. परतताना सात-आठ वर्षांची शमशाद त्यांच्या बोटाला धरून माळावरून चालत असे. वाटेत कुणाचा तरी कळप बसायच्या बेतात असे. शे-दीडशे जनावरं एकामागून एक गुडघे मोडायची आणि जमिनीतूनच उगवावं तसं काहीतरी हळूच वर यायचं, तळपायांना लागायचं, अंगभर चढायचं. वडील थांबत, म्हणून तीही थांबे. त्याला काय म्हणतात, हे विचारायचं तेव्हा राहून गेलं.

इंदापूरच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवताना बाईंनी वर्गावर्गातून एकच बजावलं होतं, "शब्द सापडत नाही म्हणणारा मुलगा आळशी असतो. शब्द असतोच. शोधावा." याच वाक्यापायी नववीत दोनदा बाकावर उभा राहिलेला राजमहंमद आता तिथल्या एका दिवाळी अंकाचा संपादक होता. तो रोज अदबीनं फोन करी. "बाई, अंक आता छापायला जातोय. कथा झाली का?" बाई म्हणत, "एक शब्द राहिला आहे." त्यावर पलीकडून नुसतं "बरं, बाई" येई. ते म्हणताना राजमहंमदच्या मनात काय चालत असेल, याची बाईंना पुरती कल्पना होती. आयुष्यातली पहिली कथा, आणि तिनंच आपल्याला आळशी ठरवावं? हे त्यांना सोसणारं नव्हतं.

"अम्मी, 'गुंजन' लिहा की," सून सबिना मेथी निवडता निवडता म्हणाली.

"मेंढरं आहेत ती. भुंगे नव्हेत."

"मग 'सुकून' लिहा. छान वाटतं कानाला."

"सबिना, मेथी निवड."

ज्यांचा हा रोजचा अनुभव, त्यांनाच विचारावं, असं ठरवून बाईंनी लोणी भापकरच्या दादासोला फोन लावला. दादासो त्यांचा जुना विद्यार्थी. घरची मेंढरं विकून तो कधीच शेतीला लागला होता, पण त्याचे भाऊबंद अजून कळपामागं फिरत.

"दादासो, इथं आमच्या जळोचीच्या आसपास मेंढरं राखणारा कुणी उतरला आहे का?"

"हाय की बाई. आमचा म्हस्कू हाय. बाजरी काढलेल्या रानात, तुमच्या घरापासनं कोसभर."

"त्याला उद्या माझ्याकडं पाठव. दिवस मावळायच्या आत. बायकोलाही आणू दे."

"पर बाई, तुमच्याकडं—"

"एकदा सांगितलेलं नीट ऐकावं, दादासो."

"व्हय बाई."

दादासोनं नीटच ऐकलं होतं. पण त्या भागात मेंढपाळाला सांगावा धाडण्याचं कारण एकच असतं: कळप आमच्या रानात बसवा, लेंड्यांचं खत होऊ द्या. मेंढपाळाला चहाला बोलावून शब्द विचारल्याचं दादासोच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. बाईंचं रान नेमकं कुठं आहे, हे विचारायचं त्याच्या फार मनात होतं. मात्र बाईंना दुसरा प्रश्न विचारण्याचं धाडस त्याला आठवीत झालं नाही, ते पन्नाशीनंतर कुठून होणार?

दुसऱ्या दिवशी बाईंनी चहाचे दोन कप जास्तीचे मांडायला सांगितले. पाचच्या सुमारास सबिना गच्चीवरून ओरडली, "अम्मी, तुमचे पाहुणे आले! कप पुरायचे नाहीत!"

गल्लीच्या तोंडाशी धूळ उठली होती. पुढं दोन घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या. मागं दीडशे मेंढरं, दोन कुत्री, आणि त्यांच्यामागं तांबड्या मुंडाशातला म्हस्कू व त्याची बायको नकोशी. बाई दारात येईपर्यंत कळप फाटकातून आत शिरलाही होता. पहिल्या वीस-तीस मेंढरांनी सबिनाच्या कुंड्या संपवल्या, पुढची पोर्चमधल्या गाडीभोवती दाटली, आणि एका मेंढ्यानं पायरी चढून दिवाणखान्यावर सावकाश नजर फिरवली.

"बाई, रान कुठं हाय?" म्हस्कूनं विचारलं.

"कसलं रान?"

"मेंढरं बसवायची न्हवं? दादासो म्हणला, बाईंचा सांगावा हाय, आन् दुसरं कायबी इचारायचं न्हाय."

बाईंच्या सारं ध्यानात आलं. दादासोची चूक नव्हती, म्हस्कूची तर मुळीच नव्हती. उरलेल्या माणसाचं नाव घेण्याची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात शेजारचे विजयसिंह पँट घोट्यावर धरून आले. त्यांची मोटार गल्लीत मेंढरांच्या मधोमध अडकली होती.

"बाई, हे काय चाललंय? यांना बोलावलं कुणी?"

"मी."

"कशाला?"

"बसायला."

"दीडशे मेंढरं?"

"मग उभी किती वेळ ठेवायची? तुमचा पलीकडचा प्लॉट मोकळा आहे. फाटक उघडा."

"माझा प्लॉट? अहो, पुढच्या महिन्यात तिथं मी आंब्याची रोपं..." विजयसिंह बोलता बोलता थांबले. त्यांनी मेंढरांकडे पाहिलं, प्लॉटकडे पाहिलं, आणि पँट सोडली. "का हो म्हस्कूराव, दोन दिवस बसतील का?"

"आन् तुमच्या मोटारीचं?" म्हस्कूनं विचारलं. "मेंढरं बिचकत्यात तिला."

"नेतो. मागच्या मागं नेतो."

दिवस कलला. म्हस्कूनं प्लॉटात खुंट्या ठोकून जाळीची वाघर ताणली आणि कळप आत घेतला. बाईंनी खुर्ची मागवली, वही उघडली. शेजारी नकोशी कोकराला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती.

"नकोशी, मेंढरं बसली की जे होतं ना, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"आत्ता गप ऱ्हावा, बाई. मग सांगते."

बाईंना 'गप राहा' असं कुणी पूर्वी म्हटलं असेल, तर ते त्यांच्या आठवणीत नव्हतं. परंतु पश्चिमेचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा झाला होता, पलीकडच्या उसावरून गार वारा येत होता, आणि पहिल्या मेंढीनं गुडघे मोडले. मग दुसरीनं. मग दहा, मग चाळीस. लोकरीची एक लाट संथपणे खाली उतरत गेली. बांगड्यांच्या पेटीचा वास आला. कुणीतरी बोट धरल्यासारखं वाटलं. तळपायांना ते जुनं काहीतरी हळूच लागलं, वर चढलं, आणि त्याच क्षणी, साठ वर्षं उशिरा, बाईंना शब्द सापडला.

चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा उच्चारला.

दीडशे मेंढरं एकदम उठली. कुत्री भुंकली, घोडी खिंकाळली, खुंट्या उखडल्या, आणि वाघरीसकट निम्मा कळप विजयसिंहांच्या बंगल्याकडे निघाला. म्हस्कू धावला, विजयसिंह धावले, सबिना हातात मेथीची जुडी घेऊन धावली. सगळं पुन्हा जागेवर येईतो पाव तास गेला. बाईंनी लेखणी उचलली. शब्द गेला होता. तीन अक्षरांचा होता, एवढंच काय ते खात्रीनं सांगता आलं असतं.

"नकोशी, मी काय म्हणाले ग मघाशी?"

"मला काय ठावं? मी कोकराला धरत हुती."

"मग तुम्ही तरी काय म्हणता त्याला? तुमच्यात काहीतरी नाव असेलच."

"न्हाय बाई. त्या वक्ताला आमी बोलतच न्हाय," नकोशी म्हणाली. "बोललं की उठत्यात."

समोर मेंढरं पुन्हा गुडघे मोडत होती. संधिप्रकाशात त्यांनी वही गुडघ्यावर घेतली, 'आणि माळभर एक' हे शब्द एका रेघेत खोडले, आणि 'बसली' या शब्दापुढं पूर्णविराम दिला.

सबिना फोन घेऊन आली. "अम्मी, राजमहंमदभाई आहेत. विचारतायत, शब्द सापडला का म्हणून."

शमशादबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

सबिना थबकली. तिनं फोन हळूच कानाला लावला, हलक्या आवाजात म्हणाली, "नंतर करा," आणि पदर सावरून नकोशीशेजारी खाली बसली.