योसेफाचा वकील

आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केलेली नाही. आबा अजून अंगठा उठवतात. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून मी माणसांविषयी लिहायला बसावं, हा आगाऊपणाच आहे. त्यात विषय ख्रिस्ती धर्माचा आणि मी मूळचा खरवईच्या भातशेतीतला. चुकलंमाकलं तर वाचकांनी पदरात घ्यावं. पण शांतवनकाकांविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो.

शांतवन साळवे अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होते, आणि आम्ही गाव सोडून तिथल्या चाळीत आलो, तेव्हापासून आमचे शेजारी. त्यांच्या ओट्यावर कोणीही टेकलं की ते आत चहा सांगायचे आणि चहा बाहेर यायच्या आत विचारायचे, "ते सगळं खरं, पण योसेफाचं काय?"

टपालवाला या प्रश्नाला घाबरून पत्रं आमच्याकडे टाकून जाई. एक नवखा कल्हईवाला मात्र शांतपणे म्हणाला, "योसेफशेठची भांडी कालच दिली."

प्रश्न असा होता. ख्रिस्ती लोक मानतात की येशूची आई मरिया कुमारी होती, आणि मूल झालं ते देवाच्या सामर्थ्याने. त्यात पुरुषाचा संबंध नव्हता. योसेफ हा तिचा वाग्दत्त नवरा. काकांना मरियेबद्दल तिळमात्र शंका नव्हती. त्यांची तक्रार एवढीच, की मूल वाढवलं योसेफाने आणि त्याचं नाव कोणी काढत नाही. ते मला म्हणत, "अख्ख्या शास्त्रात त्याच्या तोंडी एक शब्द नाही, महादू. एक शब्द! म्हणून मला बोलावं लागतं."

त्यांचे ठरलेले प्रतिपक्षी म्हणजे कारखान्यातले फडकेसाहेब. साहेब असूनही रविवारी सकाळी ते आमच्या चाळीत येत, वाद घालायला.

"साळवे, एक काय ते धरा," साहेब म्हणत. "योसेफ बाप नसेल, तर तुमच्या शास्त्रात वंशावळ योसेफाची का दिली आहे?"

"मुद्दा सोडू नका! देवाला का ठाऊक नव्हतं? ठाऊक असून दिली. देवाने बाप म्हणून त्याला कागदावर घेतला."

"आमच्याकडे कर्ण आहे. तोही कुमारीचा. त्यालाही अधिरथाने वाढवलं, आणि सूतपुत्र म्हणून लोक बापाच्या नावानेच ओळखतात की."

"शिवी म्हणून ओळखतात, साहेब! शिवी म्हणून!"

मग काका खिशातली काड्यापेटी काढत. "ही काडी, ही पेटी. आता सांगा, आग कोणाची?" विचारता विचारता ते काडी ओढत. काडी विझेपर्यंत वाद थांबे, आणि काकांचं बोट पोळे.

उल्हासनगरचे सिंधी परसूभाई विकायच्या कापडाचं गाठोडं घेऊन चाळीत येत. ते हे सगळं ऐकून हात जोडत. "साईं, दोनो सच्चे. अब चाय पियो, ठंडी हो रही है."

काका योसेफाचं वकीलपत्र का चालवतात, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. उल्हासनगरला लोक नुसतं कॅम्प म्हणत तेव्हाची गोष्ट. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं बराकींत राहत होती, आणि मार्थामावशी, म्हणजे काकांच्या पत्नी, चर्चच्या बायकांबरोबर तिथे दूध वाटायला जात. एका बराकीत एक बाई तापाने गेली. मागे राहिलेल्या मुलीला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. मावशी तिला कडेवर घेऊन आल्या. काकांनी तिचं नाव सलोमी ठेवलं.

ती वाढली आमच्या डोळ्यांदेखत. तिला काड्यापेटीवरच्या चित्रांचं वेड होतं: मोर, घोडा, जहाज. नवा छाप निघाला की काका कारखान्यातून एक चित्र मागून आणत आणि दारातूनच ओरडत, "सलोमीबाई, जहाज आलं!"

मग एके दिवशी अजमेरहून तिचा सख्खा चुलता शोध काढत आला. माणूस वाईट नव्हता. भावाचं एकच मूल उरलेलं. ते पाहून तो ओट्यावर बसूनच रडला. त्याला नाही म्हणायला कोणाची जीभ रेटणार? सलोमी गेली. तिकडे तिचं नाव कमला ठेवलं, एवढंच पुढे परसूभाईंकडून कळलं. नवे छाप निघत राहिले, आणि काका प्रत्येकाचं एक चित्र पत्र्याच्या डब्यात ठेवत राहिले. दारातून ओरडणं तेवढं थांबलं.

नाताळात चर्चमध्ये येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा होई. योसेफाचं काम दर वर्षी काकांकडे. काम म्हणजे काठी धरून गप्प उभं राहायचं. तरुण पाळकसाहेबांनी बजावलं होतं, "साळवे, या वर्षी एक अक्षर बोलायचं नाही." काका हो म्हणाले. देवदूताच्या पाठीवरचा कापूस सुटला, मेंढपाळ शिंकला, तरी काका गप्प. मग गव्हाणीतलं खरं बाळ रडायला लागलं, तसे योसेफ काठी टाकून पुढे झाले आणि त्याला उचलून म्हणाले, "मी याचा बाप नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा रडला तर उठणार मीच."

लोक हसले. मग कोणीच हसेना.

"हे शास्त्रात नाही," पाळकसाहेब नंतर म्हणाले.

"नाही ना? तेच तर म्हणतोय मी!"

पुढच्या रविवारी काका भलतेच रंगात होते. "साहेब, देवदूत योसेफाला काय सांगतो? मुलाचं नाव तू ठेव. संपला वाद! नाव ठेवतो तो बाप."

फडकेसाहेब वादाच्या भरात बोलून गेले, "मग ज्याने नाव बदललं, तो कोण?"

बोलल्यावर त्यांनाच कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. काकांनी काडी काढली होती, ती तशीच पेटीत परत ठेवली. "मुद्दा बरोबर आहे, साहेब," ते म्हणाले. त्यानंतर ओट्यावर कोणी बसलं तरी योसेफाचं नाव निघेना. टपालवाला आपणहून येऊन टेकला, तरीही नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, पण योसेफाचं काय?" ते म्हणाले, "अभ्यास कर, बाळा."

उन्हाळ्यात परसूभाई नात्यातल्या एका लग्नासाठी अजमेरला निघाले. काकांनी तो चित्रांचा डबा त्यांच्या हातात दिला. "भेटलीच तर द्या. माझं नाव सांगू नका. तिला तिकडे रुजायचंय. ती विसरली असली तर आठवण नको." मावशी दाराआड उभ्या होत्या.

परसूभाई परतले ते थेट आमच्या चाळीत. रविवार होता, फडकेसाहेबही आले होते आणि हवापाण्यावर बोलत होते. परसूभाईंनी गाठोडं उतरवलं, पण चहाला नको म्हणाले.

"साईं, मैंने तुम्हारा नाम नहीं लिया. कसम से. बोला, किसी ने भेजा है. लड़की बड़ी हो गई है, मराठी सब भूल गई. चाचा पूछने लगा, किसने भेजा, क्या है. उसने डबा खोला, वो जहाजवाला निकाला, और सारे घर के सामने बोली, मेरे बाप ने भेजा है. मेरा बाप अंबरनाथ में माचिस बनाता है."

मावशी आतून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"साईं," काका म्हणाले, "हिने ऐकलं नाही. पुन्हा सांगा."

परसूभाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.