खिडकीत बसून एकेचाळीस किलोमीटर

चौतीस वर्षं ज्या माणसाने लिफ्टच्या वायरी जोडल्या, त्याला चार तारांची एक केबल करायला कितीसा वेळ लागणार? तात्यांनी बायकोला सांगितलं, "दुपारच्या चहाच्या आत करतो." कुठल्या दुपारच्या ते सांगितलं नाही, हे एक बरं झालं.

केबल हवी होती ती हातात मावणाऱ्या एका जुन्या जीपीएससाठी. बारकी अकरा वर्षांची असताना तात्यांनी तो कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. बारकी म्हणजे त्यांची मुलगी. आता ती त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी बापलेक सायकलींवर निघायचे. ती पुढे, तात्या मागे, आणि जीपीएस तिच्या हॅण्डलला रबराने बांधलेला. जिथे जिथे गेले, ती प्रत्येक वाट त्या डबीत बारीक रेघ होऊन बसली होती.

दोन वर्षांपूर्वी बारकी नोकरीसाठी दूर गेली. आधी रविवारचा फोन चाळीस मिनिटं चालायचा. मग वीस. हल्ली "जेवलात का, बरे आहात ना, ठेवते" एवढ्यात आटपायचा. तात्यांची तक्रार नव्हती. पोरगी कामात होती. फक्त फोन ठेवल्यावर ते जरा वेळ तो कानालाच धरून बसत.

बारा दिवसांनी बारकीचा वाढदिवस होता. सगळ्या शनिवारांचा एक मोठा नकाशा छापून तिला पाठवायचा, असं तात्यांनी ठरवलं. आता वाटा डबीतून बाहेर काढायला केबल हवी, आणि मूळची केबल कधीच गहाळ झालेली. तिचं तोंडही जगावेगळं, गोल, आत चार सुया. तात्या पाच दुकानं फिरले. पाचव्या दुकानदाराने डबी उलटसुलट करून पाहिली आणि अदबीने परत दिली. "काका, हे मी लहान असताना बंद झालं."

"मग मीच करतो," तात्या म्हणाले.

त्यांनी करायला घेतली. चार सुयांवर बसतील अशा चार पितळी नळ्या हव्या होत्या. त्या बॉलपेनच्या रिफिलींच्या टोकाशी मिळाल्या. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दुसऱ्या दिवशी तिच्या पर्समधली चारही पेनं एकसाथ संपावर गेली. नळ्या जागेवर धरायला तात्यांनी नळदुरुस्तीचा लांबी-मसाला डबीच्या तोंडात दाबला. सुकला की अलगद बाहेर येईल, असा हिशोब. मसाला सुकला, आणि सुनेने माहेरी मुक्काम ठोकावा तसा तिथेच बसला. तो काढण्यात एक दिवस, दोन सुया वाकड्या आणि अंगठ्याची साल गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी आधी आत साबण लावला. हे आधी सुचलं असतं तर, असं बायको म्हणाली नाही. नुसती साबणाच्या वडीकडे बघत राहिली.

डबीची सेल बसवायची जागा गंजून गेली होती, म्हणून त्याच केबलमधून वीजही द्यायची होती. त्यासाठी तात्यांनी स्वतःच्या फोनचा चार्जर मधोमध कापला, विजेचा दाब सेलइतका खाली आणला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. थोड्या वेळाने आकाशातले उपग्रहही सापडले.

तात्या खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात बायको आली.

"चालतंय?" तिने विचारलं.

"चालतंय म्हणजे? आता बंदच करणार नाही. चार दिवस सलग चालवून बघतो. लिफ्टसुद्धा आम्ही अशीच तपासायचो."

खिडकीच्या कट्ट्यावर डबी चार दिवस, चार रात्री चालू राहिली. तात्या येता-जाता तिच्याकडे बघायचे. घरात पुन्हा कुणीतरी जागं आहे, असं त्यांना वाटायचं.

आता संगणक हवा होता. नव्या संगणकांना त्या केबलचं दुसरं टोक घुसेल असं तोंडच नसतं. नऊ सुयांचं तसलं तोंड इमारतीत एकाच ठिकाणी होतं, खालच्या चष्मेवाल्याकडे. त्याच्या जुन्या संगणकाला एका बाजूने फ्रेमचं माप घेणारं यंत्र जोडलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूने भिंग घासणारं. रविवारी सकाळी गिऱ्हाईक नसतं, म्हणून चष्मेवाला तयार झाला. मापाचं यंत्र काढून त्या जागी त्याने तात्यांची केबल लावली. एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षात आली नाही. त्या तोंडातून जे काही येईल ते चष्म्याचंच माप आहे, असं तो संगणक गेली पंधरा वर्षं इमानेइतबारे समजत आला होता.

जीपीएसने आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते सांगितलं. भिंग घासणाऱ्या यंत्राने ते ऐकलं आणि कामाला लागलं.

यंत्रावर शेजारच्या शाळेच्या मोठ्या बाईंचं भिंग लावलेलं होतं. चष्मेवाला धावून बटण बंद करेपर्यंत ते वाटाण्याएवढं झालं होतं.

"गेला," चष्मेवाला डोक्याला हात लावून म्हणाला. "मोठ्या बाईंचा डावा डोळा गेला."

दारात पेपरवाला उभा होता. त्याने एवढंच ऐकलं, आणि पेपरापेक्षा आधी बातमी घरोघर पोचवली. अर्ध्या तासात औषधांच्या दुकानात तात्यांच्या बायकोला तिसरा माणूस विचारत होता, "तुमच्या यजमानांनी बाईंच्या डोळ्याला नेमकं काय केलं?" स्वतः मोठ्या बाई घरी धडधाकट होत्या, आणि सकाळपासून एवढी माणसं आपल्याला बघायला का येताहेत, हे दोन्ही डोळ्यांनी पाहत होत्या.

इकडे चष्मेवाल्याने घासण्याचं यंत्र सुटं केलं आणि शांतपणे म्हणाला, "आता झालंच आहे, तर तुमचं काम तरी होऊ दे."

वाटा उतरल्या. पडद्यावर नकाशा आला. तात्या पुढे वाकले.

नकाशावर एकच रेघ होती. रेघ कसली, लोकरीचा गुंता. शेकडो गिरक्या, आणि त्या सगळ्या एकाच इमारतीवर. खाली लिहिलं होतं, एकूण अंतर एकेचाळीस किलोमीटर.

"हे काय?" तात्यांनी विचारलं.

चष्मेवाल्याने तारखा पाहिल्या. मग खुर्ची तात्यांकडे वळवली. "तात्या, हा खिडकीत होता ना चार दिवस? जागच्या जागी ठेवला तरी थोडं इकडे, थोडं तिकडे लिहीतच राहतो. आणि जागा भरली की..." तो थांबला. "जुनं पुसून त्यावर नवं लिहितो."

"सगळं?"

"वाटा सगळ्या."

 हातातली केबल तात्यांनी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. सात वर्षांचे शनिवार त्यांनी चार दिवसांत, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या खिडकीत पुसून टाकले होते. तेही कौतुकाने बघत बघत.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. चष्मेवाल्याने तो घेतला, आणि "तुमचाच आहे," म्हणून पुढे केला.

"बाबा, तुमचा फोन का बंद आहे?" बारकीचा आवाज घाबरलेला होता. "आईला लावला तर ती म्हणते, खाली दुकानात आहेत, कुणाचा तरी डोळा घालवून बसलेत. कुणाचा डोळा?"

"डोळा नाही गं, भिंग," तात्या म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. नळ्या, साबण, चार्जर, खिडकी. शेवटी म्हणाले, "तुला द्यायचे होते ते सगळे शनिवार. माझ्याकडून पुसले गेले."



"बाबा," बारकी म्हणाली, "वाटा गेल्या असतील. पण मी खुणा करायचे ना, नावं देऊन? त्या वेगळ्या जागी असतात. बघा."

चष्मेवाल्याने बघितलं. खुणा होत्या, तेवीस. यंत्रात सहाच अक्षरं बसायची, म्हणून नावं सगळी त्रोटक. तात्या वाचायला लागले. पंक्चर. कुत्रा. मोठा कुत्रा. हरवलो. पुन्हा हरवलो. प्रत्येक नावाला बारकी हसत होती, आणि त्या दिवशी काय झालं ते सांगत होती. काही ठिकाणी ती चुकत होती आणि तात्या दुरुस्त करत होते. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास झाला होता.

"पुढची खूण. नुसतंच 'बाबा' लिहिलंय," तात्या म्हणाले. "हे काय?"

"तो पूल. तुम्ही जरा टेकतो म्हणालात आणि झोपलात. मला पुढे जाऊन नदी बघायची होती. परत येताना तुम्ही सापडायला हवे, म्हणून खूण करून ठेवली."

"मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते."

"दोन तास, बाबा."

तात्यांनी यादीकडे पाहिलं. आता तीनच नावं उरली होती. ती वाचली की झालं, मग बारकी म्हणणार, ठेवते.

"थांब हं जरा," ते म्हणाले. "चष्मा कुठे ठेवला, सापडत नाहीये."

"बाबा," बारकी म्हणाली, "तुम्ही चष्म्याच्या दुकानात बसला आहात." आणि मग जरा थांबून, "शोधा सावकाश. मी आहे."