दवाखान्यासमोरची खोली

"ते सगळं बरं हाय," चहाची बशी खाली ठेवत पुंडलिक म्हणाला, "पण तिथनं दवाखाना किती लांब?"

श्वेताने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. क्वालालंपूर शहरातली ही तिने दाखवलेली चौथी जागा होती. पहिली त्या प्रसिद्ध जुळ्या मनोऱ्यांच्या अगदी पायथ्याशी होती, पण तिचा दर ऐकून पुंडलिकने कानाला हात लावला. दुसरी स्वस्त होती. मात्र तिथे राहून शहर बघणं म्हणजे रानातल्या दिग्गी गावात मुक्काम करून बेळगावचा बाजार करण्यासारखं होतं. तिसरीच्या भिंतींना ओल आली होती, हे फोटोतसुद्धा दिसत होतं. चौथीत दर बेताचा होता, रेल्वे स्टेशन जवळ होतं, खाली जेवणाची सोय होती. दवाखान्याबद्दल मात्र कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

"अप्पा, आपण फिरायला चाललोय. दवाखाना कशाला लागतोय?"

"दवाखाना काय सांगून लागतोय व्हय?"

पुंडलिक हा काही भित्रा माणूस नव्हे. रामनगरात त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं, आणि दुकानामागे अस्वल आलं तेव्हा पत्रा वाजवून ते त्यानेच हाकललं होतं. पण जोयडा तालुक्यातलं एक साधं सत्य समजून घ्यायला हवं. इथला माणूस मोठ्या शहरात मुक्कामाला जातो तो बहुतेक एकाच कारणासाठी. पुंडलिकच्या वडिलांचा मूतखडा, आईचा मोतीबिंदू, श्वेताचा जन्म, त्याचा स्वतःचा हर्निया, ही सगळी कामं बेळगावात झाली होती. दर वेळी दवाखान्यासमोरच्या लॉजमध्ये खोली घ्यायची, वळकटी टाकायची, आणि वॉर्डातून "पेशंटचे नातेवाईक कोण?" अशी हाक आली की पायांत चपला सरकवून धावायचं. म्हणून चांगली जागा म्हणजे काय, याचं त्याच्याकडे एकच माप होतं, आणि ते माप आजवर कधी चुकलेलं नव्हतं.

त्याच्या बायकोचं, मंगलचं, माप वेगळं होतं. लग्न झाल्यापासून ती बेळगावला कितीतरी वेळा गेली होती, पण तिने बेळगाव पाहिलं ते डबा घेऊन जिना चढता-उतरताना. किल्ल्याजवळचं तळं इथून अगदी जवळ आहे, असं तिला दर वेळी कोणीतरी सांगे, आणि दर वेळी कोणाचं तरी सलाईन संपत आलेलं असे. बेंगळूरला नोकरी लागलेल्या श्वेताने रजेवर घरी येऊन विमानाची तिकिटं काढली तेव्हा मंगलने एकच मागणी केली होती.

"मला एकदा असं शहर बघायचंय, जितं आपलं कोण बी आजारी न्हाई."

पुंडलिकने तेव्हा मान डोलावली होती, आणि मनापासून डोलावली होती. पण जुनं माप सुटता सुटत नाही. चौथी जागा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याने मोबाईलवर स्वतःच एक जागा शोधून काढली. शहराच्या मधोमध. समोर भलामोठा दवाखाना. मोटारसुद्धा आत जाईल एवढं रुंद दार, न्हाणीघरात धरायला चकचकीत दांडे आणि डोक्याकडून वर-खाली होणाऱ्या खाटा. इतकी चैन, आणि दर मात्र चौथ्या जागेच्या निम्मा. पुंडलिकने खालचा बारीक मजकूर वाचला नाही. संपर्कासाठी श्वेताचा नंबर दिला, पैसे भरले आणि घरी येऊन एवढंच सांगितलं, की जागा झाली, नंबर एक आहे.

पुढच्या सकाळी श्वेताला त्या जागेकडून निरोप आला. तो वाचून ती थेट दुकानात आली आणि वडिलांना पत्र्यांच्या थप्पीमागे घेऊन गेली. रुग्णाचं नाव, आजार आणि डॉक्टरांना भेटण्याची तारीख कळवा, असं त्यात होतं. ती जागा रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठीच होती. श्वेताने फोन करून पाहिलं. रुग्ण नसेल तर खोली नाही, आणि भरलेले पैसेही परत नाहीत, असं पलीकडून फार गोड आवाजात सांगण्यात आलं. मग तिने बाकीच्या जागा पाहिल्या. तिकडच्या कसल्याशा सणामुळे परवडणाऱ्या सगळ्या भरून गेल्या होत्या. ओल आलेलीसुद्धा.

"आईला सांगूया," श्वेता म्हणाली.

"नको. तिचं मन खट्टू हुतंय. आपण कोणतरी पेशंट हुया की. माझा गुडघा हाय न्हवं?"

"दुखतोय काय?"

"दुखंल की. वय झालंय."

श्वेताने नाइलाजाने त्या जागेसमोरच्या दवाखान्यात गुडघ्याच्या तपासणीची वेळ घेतली. त्यांना इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. पुंडलिक रामनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि खात्री पटावी म्हणून रस्त्यापासूनच थोडा लंगडत गेला. गुडघा, परदेश आणि चिठ्ठी, एवढं तो आतल्या खोलीत हळू बोलला. पण दुकानदाराचं हळू बोलणंही रस्त्यापर्यंत जातं. बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारची देवकीअक्का रक्तदाब तपासायला बसली होती.

आता गावाची तर्कपद्धत बघा. गुडघ्यासाठी कोणी परदेशी जात नाही. पुंडलिक परदेशी चाललाय. म्हणजे गुडघा नव्हे. गुडघा नव्हे तर मग तो लपवतोय. लपवतोय म्हणजे सांगण्यासारखं नाही. दुपारपर्यंत हे सगळं सिद्ध झालं, आणि संध्याकाळी लोक केळी, शहाळी आणि ग्लुकोजची बिस्किटं घेऊन घरी यायला लागले.

पुंडलिक हबकला. खरं सांगावं तर खोटं बोलून खोली घेतल्याचं उघड होणार, आणि मंगल आतच होती. म्हणून तो गुडघा, गुडघा असं पुटपुटत राहिला. तो जितका पुटपुटला तितके लोक गंभीर झाले. दिग्गीचा येसाजी, त्याचं जुनं गिऱ्हाईक, मधाची बाटली पुढे ठेवून बसला. उठताना पुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेट, कापाकापीला हो म्हणू नकोस. काय झालंय ते विचारत न्हाई मी."

मंगलला हे सगळं पाहुण्यांकडूनच कळलं. देवकीअक्काने स्वयंपाकघरात तिचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना पदर लावला. मंगल रडली नाही. तिने सगळ्यांना चहा दिला. पाहुणे गेल्यावर तिने माळ्यावरून जुनी पिशवी काढली आणि भरायला घेतली. थर्मास, तीन ताळी डबा, जुनी चादर, नवऱ्याचे हर्नियाच्या वेळचे कागद. जुळ्या मनोऱ्यांवर जाताना नेसायची म्हणून वर काढून ठेवलेली नवी साडी तिने घडी मोडू न देता परत ट्रंकेत ठेवली.

ते पुंडलिकने पाहिलं. त्याने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं: ती खोली, तो निम्मा दर, ती चिठ्ठी.

"मला काय बी झालेलं न्हाई, मंगल. शप्पत."

"मामंजी बी असंच म्हणत हुते," मंगल म्हणाली. "टेबलावर झोपवूस्तवर."

"अगं, खरंच न्हाई."

"आन तुमी हर्नियाच्या वक्ताला काय म्हणलासा? गॅस हाय म्हणलासा."

त्याने श्वेताला बोलावलं. श्वेताने शपथ घेतली, तर मंगल म्हणाली, लेक बापाचंच सांगणार. शेवटी ही सगळी खोलीची भानगड आहे हे पटावं म्हणून श्वेताने खोली पक्की झाल्याचा निरोप मोबाईलवर उघडून दाखवला. त्यावर रुग्ण म्हणून पुंडलिकचं नाव ठळक अक्षरांत होतं. मंगलने ते नीट बघितलं, मोबाईल परत दिला आणि पिशवीत आणखी एक टॉवेल घातला.

रात्रभर विचार करून पुंडलिकला एकच उपाय सुचला. बोलून पटत नाही तर करून दाखवायचं. सकाळी त्याने मंगलला दुकानात बोलावून घेतलं. देवकीअक्काही आली, आणि दुकानासमोर बसची वाट बघत असलेली माणसंही जवळ सरकली.

"बघ," पुंडलिक म्हणाला. "आजारी माणसाला हे जमतंय काय बघ."

तो वाकला आणि त्याने सिमेंटचं पोतं दोन्ही हातांनी कवटाळून उचललं. उचललं मात्र. ते कमरेपर्यंत आलं, छातीशी टेकलं, मंगलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली. तेवढ्यात त्याच्या पाठीत कुठेतरी सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पोतं खाली आलं. पुंडलिक वाकला तो वाकलेलाच राहिला.

"उचलू नको म्हणून कोण तर सांगायचं न्हवं त्याला," देवकीअक्का हळहळली. "एवढं आजारी माणूस."

पुंडलिकला पत्र्यावर आडवा घालून घरी नेलं. तिकिटं परत करायची म्हटली तर हाती काही लागणार नव्हतं, आणि आता तर दवाखान्याची वेळही ठरलेली होती. विमानतळावर चाकांच्या खुर्चीमुळे त्यांना सगळ्यांच्या आधी आत सोडलं, याचं मंगलला जरा अप्रूप वाटलं. बाकी साऱ्या प्रवासात तिने थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही.

त्या जागेची व्यवस्था सुंदरी नावाच्या परिचारिकेकडे होती. दवाखान्याच्या माणसांनी गुडघ्याऐवजी पाठ तपासली, पट्टा बांधला, गोळ्या दिल्या आणि पडून राहायला सांगितलं. मंगल सवयीप्रमाणे खाटेशेजारी चादर पसरू लागली तेव्हा सुंदरीने ती शांतपणे गोळा करून तिच्या हातात दिली. इथे दिवसा रुग्णाजवळ नातेवाइकांनी थांबायचं नाही, सगळं आम्ही बघतो, असा नियम होता. श्वेताने तो दोनदा समजावला. मंगलला कळत होतं, पण पटत नव्हतं. पेशंट सोडून नातेवाईक जातात कुठे?

पहिल्या दिवशी ती खालच्या मजल्यावर बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी श्वेताने तिला कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथे एक मोठं देऊळ होतं, पुढे फुलांचा बाजार होता, आणि त्याच्या पुढे उंचावरून धावणारी आगगाडी. शहराच्या मधोमध राहिल्याचा फायदा असा, की एक गोष्ट बघून परत फिरावं तर दुसरी दिसे. तिसऱ्या दिवशी त्या अंधार पडल्यावर आल्या. मंगल खाटेशेजारी बसली आणि औषधाची वेळ न विचारता बोलतच राहिली. केवढाली झाडं म्हणे शहरात, आन त्यांच्यावर आपल्या जोयड्यातल्यासारखेच धनेश पक्षी, पण माणसाच्या हातातलं खातात. पुंडलिक छताकडे बघत ऐकत होता. तिला असं सलग बोलताना त्याने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

परतीला दोन दिवस असताना सकाळी त्याला जाग आली, आणि पाठ मोकळी झाली होती. तो उठून उभा राहिला. वाकून पाहिलं, वळून पाहिलं.

"झाली बरी," तो म्हणाला. "आज मी बी येतोय. मनोऱ्यावर जाऊया सगळी."

मंगल खुलली, पण श्वेताचा चेहरा पडला. सुंदरीबाई आता तपासायला येतील, ती म्हणाली. रुग्ण बरा झाला की दुपारपर्यंत खोली सोडायची. आणि दुसरीकडे सणामुळे अजूनही काही मिळत नाही, तिने कालच बघितलं होतं. विमानतळावर जाऊन बसावं लागेल.

मंगलच्या पायांत चपला होत्या, अंगावर नवी साडी होती; घरून निघताना श्वेताने ती ट्रंकेतून काढून गुपचूप आपल्या पिशवीत घातली होती. मंगलने चपला काढल्या आणि दोरीवरचा टॉवेल ओढला.

"असू दे," ती घडी घालत म्हणाली. "बघितलं तेवढं लई झालं. तुमी बरं झालासा, आजून काय पायजे."

दारावर टकटक झाली. सुंदरी आत आली तेव्हा पुंडलिक खाटेवर होता, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन. तिने कसं वाटतंय म्हणून विचारलं.

"पेन," पुंडलिक म्हणाला. "फुल पेन."

सुंदरीने पाठ डावीकडे दाबली, तो विव्हळला. उजवीकडे दाबली, तिकडेही विव्हळला. खात्रीसाठी तिने पोटरी दाबून पाहिली, तर तिथेही तो विव्हळला. सुंदरीने भुवया उंचावून मंगलकडे पाहिलं, मग खाली काढलेल्या चपलांकडे, आणि श्वेताला सावकाश काहीतरी सांगितलं.

"बाई म्हणतात," श्वेता ओठ दाबत म्हणाली, "दुखणं पसरलंय. दोन दिवस हलायचं न्हाई. जेवायला नुसती पेज, आन सकाळ-संध्याकाळ सुई."

मंगलने टॉवेलाची घडी खाली ठेवली. खाटेवर पडलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. मग तिने चपला पायांत घातल्या.

"बाई देतील ते खावा," ती दारातून म्हणाली. "आन कण्हत ऱ्हावा. मधीच विसरशीला."

दोघींची पावलं जिन्याकडे गेली आणि ऐकू येईनाशी झाली. पुंडलिकने हायसं होऊन कूस बदलली, तेव्हा सुंदरी सुई वर धरून तिच्यातली हवा काढत होती. या वेळी तो कण्हला तो अगदी खराखुरा.