कोपऱ्यातल्या खुर्चीतले अश्रू

मी गुमेलार. इंडोनेशियातल्या मलांग शहरातला सर्वश्रेष्ठ खासगी गुप्तहेर. शहरात दुसरा गुप्तहेर नाही, पण असता तरी लाजून गाव सोडून गेला असता. नुसत्या बुटांवरून मी माणसाच्या सासूचा स्वभाव सांगतो. माझी मेहुणी आणि सहायक विनार्ती म्हणते, "दाजी, ताईचा स्वभाव ओळखलात तरी पुष्कळ झालं." असूया, दुसरं काय!

त्या दिवशी दैनिकाच्या संपादिका बू हेस्ती आल्या. (आमच्याकडे मानाने बाईंना 'बू' आणि पुरुषांना 'पाक' म्हणतात.) "पाक गुमेलार, आमचे पाक दार्सोनो रडताहेत."

"कोण वारलं?"

"कोणी नाही. सिनेमे बघून रडताहेत!"

प्रकरण गंभीर होतं. जगभरच्या सिनेमांना वीस वर्षं झोडपून काढणारा हा समीक्षक. त्यांनी 'सहन होतो' एवढं लिहिलं, तरी वितरक ते पोस्टरवर छापायचे. आणि आता? कोरियन भयपटाबद्दल लिहिलं, 'भुताचा एकटेपणा बघवला नाही.' चिनी हाणामारीच्या सिनेमाबद्दल, 'प्रत्येक लाथेत माया आहे.' फिनलंडच्या सिमेंटवरच्या माहितीपटाबद्दल तर, 'सिमेंट घट्ट होत गेलं आणि मी विरघळत गेलो.'

"वितरकांनी त्यांना फितवलंय, असं मालक म्हणतात," बू हेस्ती म्हणाल्या. "खरं काय ते कळलं नाही, तर त्यांची नोकरी जाईल."

मी तीन तर्क मांडले. एक, फितुरी. दोन, हे दार्सोनो नसून त्यांचा हळवा तोतया आहे. तिसरा सर्वांत भक्कम, साठीतलं प्रेम.

"कुणावर?" विनार्तीने विचारलं.

"ते गौण आहे."

समीक्षकांसाठी दुपारी खास खेळ असतो. थिएटर जवळजवळ रिकामं. भिंतीलगतची कोपऱ्यातली खुर्ची दार्सोनोंची. मी त्यांच्या मागे, विनार्ती पार पलीकडे. सिनेमा अर्जेंटिनाचा, विनोदी. पाचव्या मिनिटाला दार्सोनो रडू लागले. सातव्या मिनिटाला मीही. तिकडे विनार्ती खदखदून हसत होती.

"उलगडलं!" मध्यंतरात मी म्हणालो. "संवेदनशील माणसांनाच हे होतं. तू दगड आहेस."

"दाजी, तो माणूस केळीच्या सालीवरून घसरला, तेव्हा तुम्ही का रडलात?"

"आईची आठवण झाली."

"त्या घरी टीव्ही बघत बसल्यात!"

तेवढ्यात दार्सोनोंनी ओल्या डोळ्यांनी शेजारच्या माणसाची ओळख करून दिली. "हा माझा धाकटा भाऊ, सुगिंग. वडिलांचा कवडा कुणी पाळायचा यावरून आम्ही आठ वर्षं बोलत नव्हतो. परवा तुर्की कुस्तीचा सिनेमा बघता बघता उमाळा आला आणि मी याला फोन केला."

सुगिंगने डोळे पुसले, नाक वर केलं आणि भिंतीतल्या झरोक्याशी गेला.

"दादा, पलीकडे कुणीतरी कांदा चिरतंय. टोपलीभर!"

आम्ही मागच्या गल्लीत धावलो. महिन्यापूर्वीच तिथे सोतोचं, म्हणजे आमच्याकडच्या मसालेदार सूपचं, नवं दुकान लागलं होतं. मालकीणबाई पंख्यापुढे बसून कांदे चिरत होत्या आणि पंख्याचं तोंड थेट झरोक्याकडे.

"तुम्हाला वास नाही आला, दाजी?"

"मला वाटलं, अर्जेंटिनाचा आहे."

दार्सोनोंचा चेहरा मात्र पार पडला. "म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. वीस वर्षं कोरडा होतो, तो कोरडाच आहे."

"फोन कांद्याने केला होता का?" सुगिंगने विचारलं.

मग मी बू हेस्तींना सगळं कळवलं. नोकरी वाचली, पण महिन्याभराची परीक्षणं मागे घ्यावी लागणार होती.

पुढच्या खेळाला दार्सोनो दुसऱ्या टोकाला बसले, सुगिंगला शेजारी घेऊन. पोलंडचा सिनेमा. इतका टुकार, की नायक मेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सुगिंग कधीच झोपला होता, डोकं भावाच्या खांद्यावर टाकून. दार्सोनोंनी खांदा जरासुद्धा हलवला नाही. पडद्याच्या उजेडात मला त्यांचे गाल ओले दिसले.

मी ताबडतोब पुढे वाकलो. त्या बाजूला झरोका नाही, हे त्यांच्या लक्षात आणून देणं माझं कर्तव्य होतं.

विनार्तीने टाच माझ्या पायावर अशी काही रोवली, की मलाही रडू आलं.

"गप्प बसा, दाजी," ती कुजबुजली. "सिनेमा चालू आहे."