तुळशीची चुलत बहीण

ढुंढिराजपंतांना दुसरा नंबर अंगवळणी पडला होता. शहराच्या पुष्पप्रदर्शनात 'घरची बाग' या गटात ते सहा वर्षं भाग घेत होते, आणि सहाही वर्षं पहिलं बक्षीस विश्वजीत मिश्रांच्या गुलाबांनी पळवलं होतं. मिश्राजी म्हणजे पंतांच्याच कॉलेजातले गणिताचे मास्तर. बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस दुसरा आणि गणितवाला पहिला! हे पंतांना जेवताना घासाघासाला आठवायचं.

यंदा मात्र त्यांनी हुकमाचा एक्का काढला. मुलगी देवयानी जम्मूला बँकेत होती. तिच्याकडून त्यांनी लॅव्हेंडरचं रोप मागवलं. झुडूप जेमतेम वीतभर, पानं बारीक आणि करडी, पण एक पान चुरगाळलं की वास थेट टाळूपर्यंत जायचा. डोंगरातलं हे झाड बनारसच्या हवेत फुलवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. पंतांनी वर्तमानपत्रातला मथळासुद्धा मनात लिहून ठेवला होता.

अडचण होती जागेची. लॅव्हेंडरला ऊन भरपूर लागतं आणि पाणी अगदी बेताचं. मुळाशी ओल राहिली की झाड गेलंच. गच्चीवर ऊन होतं, पण माकडंही होती. खिडकीत माकडं येत नव्हती, पण ऊनही येत नव्हतं. संकठा घाटाजवळच्या त्या चिंचोळ्या गल्लीत सूर्यदेव उतरायचे ते फक्त खालच्या सामायिक चौकात, तेही नेमके तुळशीवृंदावनावर. आणि वृंदावन रिकामं होतं, कारण जानेवारीच्या गारठ्यात तुळस वाळून गेली होती.

"अहो, वृंदावनात तुळशीशिवाय दुसरं काही लावतात का?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"निचरा उत्तम आहे त्याचा. खाली भोक आहे."

"भोक आहे म्हणून देवाच्या जागी काहीबाही लावायचं?"

"अगं, एकच महिना. प्रदर्शन झालं की तुझी तुळस."

पंतांनी वाळू घातली, पडक्या भिंतीचा चुना कुटून मिसळला आणि रोप लावलं. फेब्रुवारीत चमत्कार झाला. झाडाच्या मधोमध एक दांडी वर आली आणि तिच्या टोकाला जांभळ्या कळ्या धरल्या. एकच दांडी, पण पंत दिवसातून दहादा जिना उतरून तिला बघून यायचे.

माशी शिंकली ती पद्माकाकूंच्या रूपाने. तळमजल्यावरच्या पद्माकाकू रोज पहाटे गंगास्नान करायच्या आणि येताना लोट्यात उरलेलं पाणी वृंदावनात घालायच्या. हाताला चाळीस वर्षांची सवय. त्या सकाळीही लोटा तिरपा झाला आणि वरून पंत ओरडले, "काकू! थांबा! पाणी नका घालू!"

"का बरं मास्टरसाहेब? तुळशीला पाणी मना आहे?"

"ती तुळस नाहीये."

"मग कोण आहे?"

इथे पंतांनी 'विलायती झुडूप' एवढंच म्हटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मास्तर तो मास्तर. ते धावत खाली आले आणि शिकवायलाच लागले. "तशी दोघी एकाच कुळातल्या. हे बघा, देठ चौकोनी, पानं समोरासमोर, फुलाला दोन ओठ. तुळशीची चुलत बहीण म्हणा ना."

पद्माकाकूंनी लोटा खाली ठेवला आणि पदर डोक्यावर घेतला. "अगं बाई! सख्खी चुलत बहीण, आणि आजवर हिला कोणी हळदकुंकूसुद्धा वाहिलं नाही?"

दुसऱ्या दिवशी घाटावरून पाच बायका पाच लोटे घेऊन आल्या. पंतांनी तातडीने हिंदीत पाटी लावली, 'कृपया जल न चढ़ाएँ'. संध्याकाळपर्यंत गल्लीने पाटीचा अर्थही लावून टाकला. माता निर्जळी व्रतावर होती! मग काय विचारता, गर्दी दुप्पट झाली. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी झाडावर अर्धा लिटर दूध ओतलं.

"पाटी वाचता येत नाही का?" पंत कडाडले.

"पढ़े हैं, भैया. जल मना है न? ई तो दूध है."

पंतांनी पाटी पुसून नवी लिहिली, 'यह तुलसी नहीं है'. त्यावर लोक एकमेकांना सांगू लागले की खरी देवी आपली ओळख कधी देत नसते. लाल धागे आले, कुंकू आलं, तुपाचा दिवा आला आणि त्याने खालची चार पानं करपवली. पंत छत्री घेऊन पहाऱ्याला बसले, तर एका म्हाताऱ्याने त्यांच्याच पायावर डोकं ठेवलं.

"अहो, मी रिटायर्ड प्रोफेसर आहे!"

"हाँ महाराज, ज्ञानी तो आप लगते ही हैं."

रात्री पंत रडकुंडीला आले. "उपटून वर घरात आणू का गं?"

"फुलावर आलेलं झाड हलवलं की मान टाकतं, असं तुम्हीच सांगता ना जगाला? आता सोसा," शरदिनीबाई म्हणाल्या. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनाही वाईट वाटलं, आणि त्यांनी मुकाट्याने जास्तीची पोळी वाढली.

प्रदर्शनाचा रविवार उजाडला. दहा वाजता परीक्षक घरी झाड बघायला येणार होत्या. पावणेदहाला पंत इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले आणि वृंदावनासमोर मटकन खाली बसले. झाड होतं, धागे होते, कुंकू होतं. दांडी तेवढी नव्हती.

"शरदिनी! गेलं गं! फूल गेलं!"

शरदिनीबाई धावत आल्या. तेवढ्यात पद्माकाकू पदराला हात पुसत दारातून आल्या. "काय झालं मास्टरसाहेब? मंजिरी ना? ती मी खुडली."

"खुडली? का?"

"मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर तुळस वाळते. तुम्हीच तर मागे शिकवलं होतं! आधीची गेली, म्हटलं ही तरी टिकली पाहिजे."

शास्त्र बरोबर होतं. "कुठे आहे ती?" पंतांनी खोल आवाजात विचारलं.

"परसाद म्हणून दिली ना. आत्ताच गल्लीत एक बाई पत्ता विचारत होती. बिचारी एकदम परेशान दिसत होती. म्हटलं, घे बाई, हातात धर, अडलेलं काम होईल."

तेवढ्यात तीच बाई चौकात आली. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात जांभळी दांडी नाकाशी धरलेली. "नमस्कार सर. मी डॉक्टर मैत्रेयी, प्रदर्शनाची परीक्षक. हे लॅव्हेंडर इथलं? बनारसमध्ये फुललं?"

"याच झाडावर होतं हो! देवाशपथ!" पंत ताडकन उठले. नास्तिक माणसाच्या तोंडून देवाची शपथ ऐकून शरदिनीबाई बघतच राहिल्या.

मैत्रेयीबाईंनी धागे बाजूला सारून झाड निरखलं. खुडलेला देठ ताजा होता. "दांडी याच झाडाची, यात शंका नाही. पण नियम असा आहे सर, की फूल झाडावर पाहिजे. आता मी काय लिहू?" त्यांनी पेन उघडलं आणि नंबराच्या रकान्यावर आणून थांबवलं.

मिश्राजी आणि त्यांचे ते टपोरे गुलाब पंतांच्या डोळ्यांपुढे नाचू लागले.

मैत्रेयीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, एक विचारू? हसू नका हं. माझं प्रमोशन तीन वर्षं अटकलंय. उद्या इंटरव्ह्यू आहे. त्या काकू म्हणाल्या, ही देवी अडलेली कामं करते. तुम्ही सायन्सचे आहात म्हणून विचारते. खरंच होतं का हो काम?"

पंतांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आभाळाकडे पाहिलं. बत्तीस वर्षांचं वनस्पतिशास्त्र पंतांच्या घशाशी आलं, आणि त्यांनी ते आवंढ्याबरोबर गिळून टाकलं.

"म्हणजे काय! हमखास होतं," पंत म्हणाले. "आधी नंबर लिहा, मग चपला काढा."